नदीत पाणी किती? – ‘सिव्हिलायझेशन’ या खेळातले साधनसंपत्तीचे धडे

मराठीत नाटकाची समीक्षा होते, चित्रपटाची होते, अलीकडे वेबमालिकांचीही होऊ लागली आहे. संगणकावरच्या खेळांची मात्र होत नाही. खेळ म्हणजे पोरांचा वेळ खाणारी गोष्ट, त्यावर पालकसभेत बोलायचे, दिवाळी अंकात नव्हे, असा आपला समज आहे. माझे मत वेगळे आहे. पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे अर्थशास्त्र शिकवतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना ‘संधी-खर्च’ ही कल्पना समजावताना पूर्वी दोन-तीन तास जात. गहू पेरला की त्याच रानात ऊस लावता येत नाही, या न लावलेल्या उसाची किंमत म्हणजे गव्हाचा संधी-खर्च, असे फळ्यावर मांडावे लागे. गेल्या काही वर्षांत दर वर्गात चार-पाच मुले अशी भेटतात की त्यांना हे सांगावेच लागत नाही. चक्रवाढीचा जोर त्यांना ठाऊक असतो, आजचा उपभोग मागे टाकून उद्याची गुंतवणूक कधी करायची याचा अंदाज असतो. कुठे शिकलात, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच येते : ‘सिव्हिलायझेशन’, लाडाने ‘सिव्ह’. जो खेळ माझे काम माझ्याआधी करतो तो तपासून पाहणे मला भाग होते. मी तो शिकलो, अजूनही खेळतो, आणि प्रस्तुत लेख त्या खेळण्यातून आणि त्याच्या शेजारी पुण्याची काही जुनी कागदपत्रे ठेवून वाचण्यातून आला आहे.

खेळाची ओळख थोडक्यात करून देतो. सिड मायर यांनी मायक्रोप्रोज या कंपनीसाठी केलेला पहिला ‘सिव्हिलायझेशन’ १९९१ मध्ये आला. सहावी आवृत्ती २०१६ मध्ये आली, तिला २०१८ आणि २०१९ मध्ये दोन मोठ्या पुरवण्या जोडल्या गेल्या, आणि सातवी २०२५ मध्ये बाजारात आली. माझे विवेचन मुख्यतः सहाव्या आवृत्तीवर आहे, कारण माझे विद्यार्थी तीच खेळतात. इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी खेळाडूला वसाहत करणारी एक टोळी मिळते. षट्कोनी घरांच्या पटावर तिने गाव वसवायचे, गावाचे शहर करायचे, शहरांचे साम्राज्य. पटावरच्या प्रत्येक घराचे उत्पन्न ठरलेले असते : अमुक अन्न, तमुक उत्पादनशक्ती, शिवाय सोने, विज्ञान, संस्कृती, श्रद्धा. या जातीच्या खेळांना इंग्रजीत ‘फोर एक्स’ म्हणतात. ॲलन एमरिक या लेखकाने १९९३ मध्ये ‘मास्टर ऑफ ओरायन’ या खेळाविषयी लिहिताना हे नाव रूढ केले. त्या चार क्रियापदांचे मराठी मी असे करतो : शोधा, पसरा, उपसा, संपवा. तिसऱ्या शब्दाकडे वाचकांनी लक्ष ठेवावे.

आमच्या पिढीने उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘व्यापार’ खेळून पैशाचे व्यवहार शिकले. पण ‘व्यापार’मध्ये फक्त पैसा असतो. तिथे जागा विकत घ्यायची आणि भाडे वसूल करायचे, जागेवर काय पिकते याची चौकशी नाही. ‘सिव्ह’मध्ये माती आहे, जंगल आहे, नदी आहे, लोखंड आणि कोळसा आहे. म्हणून त्याचे शिक्षण जास्त खोल जाते, आणि म्हणूनच ते जास्त काळजीपूर्वक तपासायला हवे.

आधी श्रेय. पहिल्या पन्नास खेळ्यांत हा खेळ जे शिकवतो ते कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा चांगले शिकवतो. दुसरे शहर वसवायला नवी टोळी तयार करावी लागते आणि ती तयार झाली की मूळ शहराची लोकसंख्या एकाने घटते. म्हणजे विस्ताराची किंमत माणसांत मोजली जाते. शेत किंवा खाण करायला ‘बिल्डर’ लागतो (पुणेकराला या शब्दाने जे आठवते ते नव्हे, हा बिचारा स्वतः काम करतो). सहाव्या आवृत्तीत त्याच्या हाती साधारणपणे तीनच कामे असतात. तिसरे काम झाले की तो नाहीसा होतो. तीन कामे कुठे वापरायची, हा प्रश्न नवख्या खेळाडूला अक्षरशः घाम फोडतो. आधी धान्य की आधी खाण? सैन्य आता उभारू की पाच खेळ्यांनी? चुकीचे उत्तर दिले तर शिक्षा लगेच होत नाही, ती शंभर खेळ्यांनंतर होते, जेव्हा शेजारी बंदुका घेऊन येतो आणि आपल्याकडे अजून भालेच असतात. उशिरा येणाऱ्या परिणामाचा हा अनुभव वर्गात देता येत नाही. कर्ट स्क्वायर या अमेरिकन अभ्यासकाने २००४ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या प्रबंधात ‘सिव्हिलायझेशन’ची तिसरी आवृत्ती शाळेत खेळवून पाहिली होती. काही मुलांना खेळ फार अवघड वाटला आणि त्यांनी पाठ फिरवली. पण काहींनी, विशेषतः ज्यांना इतिहासाच्या तासात स्वतःचे काहीच सापडत नव्हते त्यांनी, अमेरिकेतले मूळ रहिवासी घेऊन खेळून ‘आपण हरलो नसतो तर’ हा प्रश्न पटावर मांडला. ही लहान गोष्ट नाही.

पुढे मात्र माझे मतभेद सुरू होतात.

खेळणाऱ्यांच्या बोलीत ‘चॉप’ हा शब्द सतत येतो. शहराच्या हद्दीतले जंगल बिल्डरकडून तोडले की त्या शहराला एकदाच, एकरकमी, उत्पादनशक्ती मिळते. एखादे अद्भुत स्मारक शेजाऱ्याच्या आधी पुरे करायचे असेल तर दोन जंगले तोडायची, काम झाले. जंगल उभे ठेवले तर दर खेळीला थोडे थोडे उत्पन्न मिळते, म्हणजे हा व्याज की मुद्दल असा सरळ हिशेब आहे, आणि बहुतेक वेळा निष्णात खेळाडू मुद्दल उचलतात. खरी मेख पुढे आहे. तोडीतून मिळणारी रक्कम जंगलाच्या वयावर अवलंबून नसते, ती खेळाडूच्या विद्या आणि राज्यव्यवस्था किती पुढे गेल्या आहेत यावर वाढत जाते. तेच जंगल प्राचीन काळात तोडले तर थोडे देते, आधुनिक काळात तोडले तर कितीतरी जास्त. जंगलाची किंमत जंगलात नसून तोडणाऱ्याच्या प्रगतीत आहे, असे हा नियम सांगतो. आणि उत्तरार्धात संवर्धनाची कल्पना सापडल्यावर नवे जंगल लावता येते, तेव्हा बिल्डरचे एक काम खर्च होते आणि त्याच खेळीत पूर्ण वाढलेले जंगल उभे राहते.

याच्या शेजारी रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ ठेवून पाहावे. १७१५-१६ च्या सुमाराचा हा राजनीतीवरचा ग्रंथ आपण बहुधा दुर्गांसाठी आणि शिवकालाच्या आठवणींसाठी वाचतो. माझ्या मते तो मराठीतला साधनसंपत्तीच्या व्यवस्थापनावरचा पहिला व्यवहारी ग्रंथही आहे. आरमाराच्या प्रकरणात जहाजांसाठी लाकूड कुठून आणायचे याची चर्चा येते. प्रश्न अगदी खेळातलाच आहे : जहाजे हवीत, लाकूड हवे, जंगल हाताशी आहे. अमात्यांचे उत्तर तीन पायऱ्यांचे आहे. सागवानासारखी झाडे लागतील तेवढी सरकारच्या परवानगीने तोडावीत, कमी पडले तर परमुलखातून खरेदी करून आणावे, पण आंबा-फणसासारख्या झाडांना, ती आरमाराच्या कामाची असली तरी, हात लावू नये. का, याची दोन कारणे ते देतात आणि दोन्ही मला महत्त्वाची वाटतात. एक म्हणजे ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. दुसरे म्हणजे रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती बळाने तोडली तर त्यांच्या दुःखाला पारावार राहत नाही, आणि कुणाला दुःख देऊन केलेले काम टिकत नाही. अगदी जीर्ण झाड असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन मगच तोडावे.

पहिले कारण काळाचे आहे, दुसरे हक्काचे. खेळात काळ आहे, पण झाडाचा काळ नाही. आणि हक्क तर मुळीच नाही. पटावरच्या जंगलाला मालक नाही, ते कुणी वाढवलेले नाही. आपली हद्द त्या घरापर्यंत पोचली की ते आपोआप आपले. अमात्यांपुढचा राज्यकर्ता आणि ‘सिव्ह’चा खेळाडू दोघेही सर्वाधिकारी आहेत, फरक इतकाच की अमात्य आपल्या राजाला आठवण करून देतात की झाड उभे आहे याचा अर्थ ते मोकळे आहे असा नाही.

पाण्याच्या बाबतीत ‘आज्ञापत्र’ आणखी रोखठोक आहे. किल्ल्यासाठी जागा निवडताना आधी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून टाकी करावीत. पण एखादा झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण वेढ्यात तोफांच्या हादऱ्याने झरे आटू शकतात, म्हणून राखीव पाण्याची टाकी वेगळी ठेवावीत आणि ती जपावीत. साठा आणि प्रवाह यांतला हा फरक मी अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवतो. ‘सिव्ह’च्या मूळ सहाव्या आवृत्तीत तो नव्हता. लोखंडाची खाण ताब्यात आहे का, एवढेच पाहिले जाई. २०१९ च्या ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या पुरवणीने तो आणला. आता लोखंड, घोडे, कोळसा, तेल यांचा साठा खेळीगणिक जमतो आणि वापरला की घटतो. कोळसा जाळला की हवेत कार्बन जातो, समुद्र चढतो आणि किनाऱ्यावरची घरे बुडतात. रचनाकारांना दोष दिसत नाहीत असे म्हणता येणार नाही.

पण घोड्याला दाणा-वैरण अजूनही लागत नाही! घोडदळ उभे केले की त्याचा खर्च दर खेळीला खजिन्यातून सोन्यात जातो, गवताच्या गंजीचा विषय निघत नाही. शिवाजी महाराजांचे चिपळूणकडच्या छावणीतल्या लष्करी अंमलदारांना लिहिलेले प्रसिद्ध पत्र ज्यांनी वाचले असेल त्यांना ही उणीव लगेच टोचेल. पावसाळा तोंडावर आहे, दाणा आणि गवत बेताचे आहे, आजच हवे तसे उधळले तर भर पावसाळ्यात घोडी मरतील. मग शिपाई रयतेच्या घरात शिरून धान्य, लाकूड, भाजीपाला उचलतील, आणि रयतेला वाटेल यापेक्षा मोगल बरे. म्हणून लागेल ते बाजारातून विकत घ्यावे. त्याच पत्रात रात्री दिवा उघडा ठेवू नये, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजीला आग लागेल, इतक्या बारकाव्याची सूचना आहे. साठ्याचा हिशेब चार महिन्यांचा, त्याची शेवटची पायरी रयतेचा विश्वास, आणि मधे एक उंदीर. साधनसंपत्तीचे व्यवस्थापन म्हणजे काय हे एका पानात सांगायचे तर मी वर्गात खेळ बाजूला ठेवून हे पत्र वाचून दाखवतो.

आता नदीकडे येतो, कारण पुण्यात बसून हा खेळ खेळणाऱ्याला सगळ्यात जास्त खटकायला हवी ती नदी, आणि माझ्या अनुभवात ती कुणालाच खटकत नाही. सहाव्या आवृत्तीत नदीकाठी शहर वसवले तर वस्तीची मर्यादा ५ ने सुरू होते, समुद्रकाठी ३ ने, पाणी नसेल तर २ ने. जलवाहिनी बांधली की कोरड्या शहराची मर्यादा ६ पर्यंत चढते. इथपर्यंत ठीक. पण एकाच नदीवर चार शहरे वसवली तर चौघांनाही पाच-पाच मिळतात. वरच्या शहराने पाणी उपसले म्हणून खालच्याचे कमी होत नाही. नदीला वर आणि खाल असे काही नाहीच, ती दोन घरांच्या सीमेवर काढलेली निळी रेघ आहे. तिच्यात पाणी किती, हा प्रश्न खेळाला पडत नाही.

पुण्याचे सारे सार्वजनिक भांडण याच प्रश्नाचे आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांचा मिळून उपयुक्त साठा सुमारे २९.१५ टीएमसी. त्यात एकट्या खडकवासल्याचा वाटा जेमतेम दोन टीएमसीचा. त्याच साखळीतून शहर पाणी पिते आणि त्याच साखळीतून कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरची शेते भिजतात. दरवर्षी कालवा समितीची बैठक होते आणि दरवर्षी तोच वाद होतो : शहराने मंजुरीपेक्षा किती जास्त उचलले, उन्हाळी आवर्तन द्यायचे की नाही. शहराचा आकडा वाढला की तो कुणाच्या तरी आवर्तनातून वजा होतो. ‘सिव्ह’मध्ये अशी वजाबाकी नाही. तिथे ‘सांडपाणी व्यवस्था’ नावाची इमारतही आहे, ती बांधली की वस्तीची मर्यादा आणखी २ ने वाढते. सांडपाणी कुठे गेले? पुण्याचे मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जाते, हे उजनीकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही. पटावर ते कुठेच जात नाही.

खेळातली जलवाहिनी पाहून मला कात्रजची आठवण होणे अपरिहार्य आहे. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या दगडी नळातून पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आणले गेले. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले, हवा बाहेर पडावी आणि गाळ काढायला माणूस उतरावा म्हणून. जलवाहिनी बांधून संपत नाही, ती उपसत राहावी लागते, हे त्या उच्छ्वासांच्या बांधणीतच लिहिलेले आहे. पुण्यात रस्त्याच्या कामात असा एखादा उच्छ्वास सापडला की वर्तमानपत्रात ‘भुयार सापडले’ अशी बातमी येते, ही आपली वेगळी करमणूक. खेळातली जलवाहिनी एकदा बांधली की कायमची.

धरणाचा नियम मी जास्त वेळ तपासला, कारण त्याचे उत्तर या जिल्ह्यातच आहे. ‘गॅदरिंग स्टॉर्म’मध्ये नदीच्या पूरमैदानावरच्या एका घरात धरण बांधता येते. ते पूर अडवते, वस्तीची मर्यादा वाढवते, नागरिकांना सुखसोय देते, आणि त्यावर जलविद्युत केंद्र बसवले की शहराला वीज मिळते. धरणाने एक घर व्यापले, तिथले धान्य गेले, हा त्याचा संधी-खर्च. एवढाच. धरणामागे पाणी साठत नाही. कुठलेही दुसरे घर बुडत नाही. धरण आहे, जलाशय नाही, असा हा चमत्कार आहे.

मुळशीत नेमका हाच हिशेब शंभर वर्षांपूर्वी कागदावर झाला होता. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांचे खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले होते, आता मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून पाणी घाटाखाली सोडायचे होते. सह्याद्रीच्या पूर्व उताराचे, एरवी भीमेला मिळणारे पाणी बोगद्यातून पश्चिमेला कोकणात वळवणारी ही योजना अभियांत्रिकीच्या दृष्टीने खरोखर देखणी होती, हे मान्य करायला हवे. ‘सिव्ह’चा खेळाडू ती पाहून खूश होईल : पाणी तेच, पडण्याची उंची मोठी, वीज भरपूर. पण धरणामागच्या खोऱ्यात पन्नासच्या आसपास गावे होती, आंबेमोहराची खाचरे होती, आणि कसणारे मावळे होते. जमीन संपादनाचा कायदा वापरून सरकारने ती कंपनीसाठी घेतली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्यातले ठळक पुढारी. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी इथेच मिळाली.

पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलेल्या राजेंद्र व्होरा यांनी मुळशीवर इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकात या लढ्याला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. मला त्यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो पुण्याविषयीचा. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांकडे होत्या आणि कसणारे मावळे त्यांचे कर्जदार किंवा कुळे होते. नुकसानभरपाईचा आकडा वाढवून मिळाला की सावकाराचा प्रश्न सुटत होता. कसणाऱ्याचा सुटत नव्हता, कारण पैसा सावकाराच्या हाती जाणार होता आणि भाताचे खाचर पाण्याखाली. म्हणजे ‘स्थानिक लोक’ असा एक पक्ष नव्हताच. १९२४ पर्यंत लढा विझला. बापट रेल्वेवरच्या हल्ल्याबद्दल तुरुंगात गेले. १९२७ मध्ये भिऱ्याचे केंद्र सुरू झाले. (आज कोलाडला कुंडलिकेत तराफे घेऊन धमाल करायला जाणारे पुणेकर ज्या पाण्यावर तरंगतात ते भिऱ्याहून सोडलेले, म्हणजे मुळशीचे पाणी असते.)

या इतिहासाचा खेळाला प्रश्न इतकाच आहे : एका घराचे उत्पन्न म्हणजे नक्की कुणाचे उत्पन्न? पटावर अन्न २, उत्पादन १ असे दिसते तेव्हा ते शहराचे असते. मालक, कूळ, सावकार, गिरणी हे चौघे त्या आकड्यात विरघळून जातात. मुळशीत जे घडले ते या चौघांमधल्या वाटपाचे भांडण होते. आकडा बरोबर असूनही भांडण उरतेच, कारण भांडण आकड्याचे नसते.

यावर माझे विद्यार्थी एक आक्षेप घेतात आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. खेळ म्हटला की सोपेकरण आलेच. बुद्धिबळात प्याद्याला जेवायला काय मिळते असे कुणी विचारत नाही. बरोबर. पण बुद्धिबळ स्वतःला ‘सभ्यता’ म्हणवत नाही, आणि बुद्धिबळाबरोबर शेकडो नोंदींचा ज्ञानकोश येत नाही. २०१६ मध्ये या खेळाची शाळांसाठी खास आवृत्ती काढण्याची घोषणाही झाली होती. जो शिकवण्याचा दावा करतो त्याचा अभ्यासक्रम पाहिला जाणारच.

शिवाय सोपेकरण कोणत्या दिशेने झाले, हेही पाहावे लागते. तिसऱ्या आवृत्तीपर्यंत शेताला पाणी द्यायचे तर ते घर नदी-तळ्याला लागून असावे लागे, किंवा आधीच भिजवलेल्या घराला लागून. म्हणजे पाट एकेक घर पुढे न्यावा लागे, वीज सापडेपर्यंत. पाणी शेजाऱ्याच्या शेतातून येते हे त्या नियमात होते. पहिल्या तीन आवृत्त्यांत कारखाने वाढले की आसपासची घरे प्रदूषित होत आणि माणसे पाठवून ती साफ करावी लागत. नंतर दोन्ही नियम गेले. मजुरांचेही तेच. पूर्वी वर्षानुवर्षे रस्ते आणि शेते करत फिरणारे मजूर पटावर दिसत. सहाव्या आवृत्तीत त्यांचा बिल्डर झाला, तीन कामे करून अदृश्य होणारा. सातवीत तोही नाही, शहर वाढले की शेत किंवा खाण आपोआप उगवते. त्याच सातवीत काही मोठ्या नद्या रेघ न राहता स्वतंत्र घरे झाल्या आणि त्यांतून जहाजे चालू लागली, ही सुधारणा मी मोकळेपणाने मान्य करतो. पण एकूण तीस-पस्तीस वर्षांत खेळ जसजसा देखणा होत गेला तसतसे त्यातून पाट, घाण आणि मजूर बाहेर पडले. हे तंत्राच्या मर्यादेमुळे झाले असे म्हणता येत नाही, कारण १९९१ च्या संगणकाला जे जमत होते ते २०२५ च्या संगणकाला जड नाही. खेळाडूला कंटाळा येतो म्हणून ते काढले. कंटाळवाणे काय ठरले, ते पाहा.

मग हक्काचा नियम खेळात बसवताच येत नाही काय? मला तसे वाटत नाही, कारण असा नियम पुणे जिल्ह्यात प्रत्यक्ष जमिनीवर खेळून झालेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे उद्योजक-अभियंते विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले आणि तिथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभा राहिला. त्याचे नियम एखाद्या खेळाच्या नियमपुस्तिकेसारखे नेमके आहेत. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, माणशी मिळेल : दरडोई अर्धा एकर भिजेल इतके, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, जमीन विकली तरी पाणी विकता येत नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ऊस लावायचा नाही. आणि योजनेच्या खर्चातला काही हिस्सा सभासदांनी स्वतः घालायचा. या पाच वाक्यांत जितके अर्थशास्त्र आहे तितके मी एका सत्रात शिकवू शकत नाही. यातला प्रत्येक नियम कुणाला तरी नकोसा होता, उसाचा तर विशेष. साळुंखे २००२ मध्ये गेले. त्यांचे नियम महाराष्ट्रभर पसरले नाहीत याची कारणे साखरेच्या राजकारणात आहेत, तो वेगळ्या लेखाचा विषय.

गेल्या वर्षी माझ्या काही विद्यार्थ्यांनी हे नियम ‘सिव्ह’मध्ये घालून पाहायचे ठरवले. सहाव्या आवृत्तीच्या नियमांच्या फाइली उघडता येतात, आकडे बदलून आपली आवृत्ती करता येते, आणि जगभरचे हौशी खेळाडू ते करतात. ऊस बाद करणे सोपे गेले, पटावर साखरेचे घर असतेच, त्याचे उत्पन्न शून्य केले. नदीकाठच्या शहराची मर्यादा पाचावरून तीनवर आणणेही सोपे, एका ओळीतला एक अंक. अडले ते पहिल्याच नियमापाशी. पाणी माणशी वाटायचे तर आधी नदीत एकूण पाणी किती, हे कुठेतरी लिहिलेले हवे. मुलांनी तीन संध्याकाळी फाइली चाळल्या. नद्यांची नावे सापडली, लांबी सापडली, त्यांच्यावरच्या पुराच्या शक्यतेचे आकडे सापडले. पाण्याचा रकाना नव्हता. मग त्यांनी वहीत एक तक्ता आखला, प्रत्येक नदीला वीस एकक पाणी दिले, आणि खेळ संगणकावर चालू ठेवून पाण्याचा हिशेब हाताने लिहायला सुरुवात केली. चाळिसाव्या खेळीला वरच्या आणि खालच्या शहराच्या खेळाडूंत पहिला वाद झाला. बेचाळिसाव्या खेळीला खालच्याने वही मागितली.